रेघेपलीकडचं दुकान

पिंप्राळा, मंगळवार, नोव्हेंबर १९८९, संध्याकाळ

टाच अजून ठणकतेय. बारा वर्षं याच शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहून बायकांचे ब्लाउज बेततेय, दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणाले, घरातही मऊ चप्पल घाला. काल घेऊन आले.

आज सकाळी पायात घातली, तर सासरे केवढ्यांदा ओरडले! "घरमा चप्पल? आठे देव शेतस!"

देव आहेत, मान्य. पण नवरा ऑफिसात दिवसभर बूट घालून खुर्चीवर बसतो, ते काम. आणि मी दिवसभर उभी, ते नुसतं घर? का म्हणून?

वाद घातलाच नाही. कापड आखायचा खडू घेतला आणि मशीन-टेबलाच्या पुढून, भिंतीपासून भिंतीपर्यंत रेघ ओढली. म्हटलं, "नाना, तिकडे घर आणि देव. इकडे माझं दुकान. दुकानात चप्पल चालते."

दुपारी सासूबाईंनी फरशी पुसली. रेघ मुद्दाम पुसली की चुकून, कोण जाणे. मी पुन्हा ओढली, आधीपेक्षा जाड. उभी राहिले, तर आज कळ मस्तकात गेली नाही.

चारला नानांची रोजची हाक आली. "चहा ठेव वं!"

मी बाही कापत होते. रेघ ओढताना हे डोक्यातही नव्हतं, खरंच. पण कात्री थांबवली नाही आणि तिथूनच म्हणाले, "नाना, दुकान सहाला बंद होतं."