नमुना अर्जातली ओळ

मी, मारोतराव सोमाजी खोब्रागडे, वय ६१, राहणार मुकुटबन, ता. झरी जामणी, जि. यवतमाळ. डोके ठिकाणावर आहे, फक्त तापलेले आहे. हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि हाताने लिहितो, कारण संगणकाने आज पुन्हा "अधिकृत वापरकर्ता आढळला नाही" म्हणून तोंड फिरवले.

१. राहते घर पत्नी शीला हिला. टायपिंगचे दुकान, संगणक व प्रिंटर मुलगा धम्मदीप याला.

२. मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर मी पावतीनिशी विकत घेतले. त्याचे कुलूप, म्हणजे संगणकामागे खोचायची बोटभर डबी, तीही धम्मदीपला. ती खोचली तरी कंपनी दर वेळी फोनवर नाव, पत्ता, अनुक्रमांक विचारते. चोर सोडून संन्याशाला फाशी! धम्मदीपने आणलेली चोरीची सीडी मुकाट चालते. "बाबा, तुमी कायले त्याईच्या मागं लागून राह्यले?" असे तो विचारतो.

३. आता जड गोष्ट. २००४ साली कुलूप चालेना, तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, तपासायला एखादी फाईल पाठवा. मी घाईत समोरची पाठवली. ती तुळसाबाईची होती. नवरा फवारणीचे औषध पिऊन गेला, तेव्हा ती मदतीचा अर्ज लिहून घ्यायला आली होती. अर्जात न बसणारेही ती रडत बोलली आणि मी सगळे टाइप केले होते. पुढच्या आवृत्तीत कंपनीने तीच फाईल, नावासकट, "नमुना अर्ज" म्हणून घातली. विकतच्या प्रतीत ती आहे आणि चोरीच्या प्रतीतही आहे. पार वणीपर्यंत दुकानादुकानांत उघडते. कंपनीला तीन पत्रे लिहिली. तिन्हींना उत्तर एकच: आधी आपला अनुक्रमांक कळवा.

तुळसाबाईला मी तीन वर्षे हे सांगितले नाही. भ्यालो, दुसरे काही नाही.

४. धम्मदीपने दुकानोदुकानी जाऊन ती फाईल पुसावी. प्रत विकतची की चोरीची, हे पाहू नये. तोवर शीलाने त्याला दुकानाची किल्ली देऊ नये. फाईल ओळखू यावी म्हणून त्यातली एक ओळ देतो: (खोडले. मा. सो. खो.)

खोडाखोडीचा खुलासा: तुळसाबाईला साक्षीला बोलावून हे सर्व वाचून दाखवले. ती म्हणाली, "मास्तर, हे तं तुमी अजून एकदा लिवलं." कलम ४ मधील ओळ तिच्यासमोर खोडली.

मुकुटबन, दि. १२ नोव्हेंबर २००७
सही: मारोतराव सोमाजी खोब्रागडे

साक्षीदार:
१. बापूजी नारायण डोंगरे, निवृत्त पोस्टमन. सही.
२. तुळसाबाई उकंडा मेश्राम. डाव्या हाताचा अंगठा, ओळ खोडल्यानंतर.