चित्रातला धूर

खामगाव, एप्रिल १९४२. संध्याकाळ.

रंगून जपान्यांच्या हाती पडल्यापासून दादाची खबर नाही. तो तिथे नदीवरच्या आगबोटीत कारकून होता. होता की आहे?

माझ्या भिंतीवर एक जुनं विलायती चित्र आहे. नदी, धुकं, आगबोटीचा काळा धूर. आई त्या आगबोटीलाच दादाची बोट समजते. आज तिने काचेवर हळदकुंकू वाहिलं.

"धूर निघून राह्यला. म्हणजे चूल पेटली. जेवला असन तो."

"आई, ते शंभर वर्षांपूर्वीचं चित्र हाय."

"मोठा मास्तर! तुले धूर दिसत नाही काय?"

धूर दिसतो. त्याचं मी काय करू?

मग तिने हळूच विचारलं, "काठाले कवा लागन रे?"

चित्रकाराने काठ काढलेलाच नाही. मी म्हटलं, "लागन."