आतलं चाक दोन बोटं

१२ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आधी गुन्हा कबूल करते. तुम्ही मला दिलेल्या गो-कार्टचं इंजिन मी काढलं. तुमच्याच जुन्या एप्रनमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. आता गाडीत विजेची मोटर बसवते आहे. जेवायच्या टेबलावर बॅटऱ्या मांडल्यात, त्यामुळे आई आणि मी आठवडाभर मांडीवर ताट घेऊन जेवतो आहोत, आणि आई ते रोज ऐकवते. काळजी नसावी. रबरी हातमोजे घालते, अंगठी-घड्याळ काढून ठेवते, आणि सगळ्यात आधी वीज तोडायचा लाल खटका बसवला.

गाडी मात्र तुमचीच राहील. सांगाडा पुसताना तुमचं वेल्डिंग बघून दर वेळी थक्क होते. इतकं एकसारखं काम मला अजून दहा वर्षं जमायचं नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी ट्रॅकवर पहिल्यांदाच विजेच्या गाड्यांची शर्यत आहे. पूर्वीसारखे तिसऱ्या वळणावर उभे राहाल ना? माझं मनगट मोडल्यापासून दोन वर्षं तुम्ही इकडे फिरकला नाहीत. काही चुकलं असेल तर रागवा, पण या. तुम्ही नसताना ती गाडी पळवायला मला आवडणार नाही.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो हे पत्र वाचूनही शाबूत राहावा.

तुमची,
भिंगरी

२० जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. रागबिग काही नाही. लहानपणी माझी पान्यांची पेटी उपडी करून बसायचीस तेव्हा रागावलो नाही, आता काय रागावणार. गाडी दिली ती दिली. इंजिन काढताना नट कोणत्या क्रमाने सोडलेस ते मात्र लिहिलं नाहीस. अर्धवट बातमी द्यायची खोड तुझ्या आईची.

येण्याचं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात. आणि आवाज न करणाऱ्या यंत्रापाशी माझं काय काम? मी जन्मभर इंजिन ऐकून स्क्रू फिरवला. तिसऱ्या वळणावर दुसरं कुणी बघ.

हातमोजे कोरडे आहेत ना, एवढं रोज तपासत जा. आईला आशीर्वाद सांग, आणि तिचं टेबल तिला परत दे.

तुझा,
मामा

१६ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

गाडी चालली. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात काल पहिली फेरी मारली. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. शेजारचे सुतारकाका बघायला आले होते. ते म्हणाले की ही सुरू कधी होणार म्हणून मी वाट बघतोय, तोवर तू समोरून गेलीससुद्धा.

पण ती वळत नाही. स्टिअरिंग पुरतं फिरवलं तरी हट्टाने सरळच घसरत जाते. टायरातली हवा कमी-जास्त केली, पुढची चाकं बाहेर घेतली, सीट मागे सरकवली. काही उपयोग नाही. ट्रॅकचे प्रमुख म्हणाले, पंधरा मार्चपर्यंत नीट वळली नाही तर शर्यतीत उतरू देणार नाही. मग माळ्यावरून इंजिन खाली काढायचं आणि गप्प बसायचं. मला रडू येतंय, हे आईला सांगू नका.

एक काम तेवढं झकास झालंय. बॅटरीची पेटी पोलादी पट्ट्यांनी सांगाड्याच्या दोन्ही नळ्यांना आडवी आवळली आहे, चांगल्या आठ बोल्टांनी. तसूभर हलत नाही. चित्र सोबत जोडते. त्याबद्दल तरी शाबासकी द्यावी.

लोभाला भुकेलेली,
भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामीचे अनेक आशीर्वाद.

तुझं चित्र चार दिवस साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलंय आणि तुझे मामा त्याच्यासमोर बसून चहा गार करतायत. म्हणून राहवेना.

गुडघे ठणठणीत आहेत गं त्यांचे. कान गेलेत. उजव्याने काहीच नाही, डाव्याने जेमतेम. तुला अपघात झाला त्या सकाळी इंजिनाचा सूर त्यांनी जुळवला होता. बरोबर वाटला, पण तो बरोबर नव्हता. इंजिन धावता धावता जाम झालं, गाडी गरकन फिरली आणि तुझं मनगट गेलं. माझ्या कानामुळे पोरीचा हात मोडला, आता कुणाच्या यंत्राजवळ उभं राहायचा मला हक्क नाही, असं म्हणतात. तुझ्यावर राग कसला, तुझी पत्रं उशाशी असतात.

मी लिहिल्याचं त्यांना कळू देऊ नकोस. जपून राहा.

तुझी,
मामी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

शाबासकी मिळणार नाही. दोष त्या आठ बोल्टांचाच आहे.

या गाडीला स्प्रिंग नसते. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एकाच वेगाने फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त वाट कापायची असते आणि आतल्याला कमी, म्हणून आतलं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जावं लागतं. ते कशाने उचलतं, तर सांगाड्याला पीळ पडतो त्याने. त्या नळ्या मी तशा मुद्दाम निवडल्या होत्या. तू त्यांची कंबरच बांधून टाकलीस, मग बिचारी वळणार कशी?

पट्ट्या काढ. पेटी तीनच जागी धर आणि प्रत्येक बोल्टखाली जाड रबर घाल. तारांना थोडी ढील ठेव. दोन बोटं चाक उचललं तर ठीक, तीन म्हणजे जास्त.

तारा मात्र सुरेख ओवल्यास. मला विजेतलं ओ की ठो कळत नाही, पण चोख काम ओळखू येतं. तुझ्या वयाचा असताना मला हे जमलं नसतं.

तुझा,
मामा

६ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

वळली. पहिल्याच वळणाला अशी आत शिरली की मीच दचकले. प्रमुखांनी दोन फेऱ्या बघून मान डोलावली आणि हा इलाज कुणाचा म्हणून विचारलं. मी छाती फुगवून तुमचं नाव सांगितलं. चित्रातल्या आठ ठिपक्यांवरून तुम्ही दुखणं ओळखलंत, मी गाडीखाली दोन आठवडे लोळूनही मला ते दिसलं नाही.

आता अडचण एकच. आतलं चाक दोन बोटं उचलतंय की तीन, हे मला सीटवरून दिसत नाही. सुतारकाकांना उभं केलं तर ते म्हणाले, छान दिसतंय. तिसऱ्या वळणावर जाणती नजर हवी, मामा. हेल्मेटमध्ये मला तसंही कधी काही ऐकू आलेलं नाही. तुम्ही हातानेच खुणा करायचात आणि मी त्यांच्यावरच गाडी चालवायचे. आवाज या गाडीला नाही, आणि मला लागतही नाही.

वाट बघते.

तुमची,
भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

शनिवारी दुपारच्या गाडीने दोघं येतो. जेवायला टेबल रिकामं असावं.

तुझ्या मामीने तुला काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी माझं पत्र टाकायला निघालो, तेव्हा तिने आपल्या बहिणीला लिहिलंय म्हणून एक पाकीट माझ्या हातात पालथं दिलं. पालथं पाकीट उलटायला कान लागत नाहीत. वर तुझा पत्ता होता, आत काय ते न उघडताच कळलं. टपालपेटीपाशी बराच वेळ उभा राहिलो. खिशात घालून परत येता आलं असतं. पण दोन वर्षं जे तुला सांगायला तोंड उघडलं नाही, ते माझ्याच हाताने पेटीत टाकून आलो.

तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस, तेही वाचलं.

दोन बोटं की तीन, ते हाताने सांगेन. उजव्या बाजूला उभी राहून बोलू नकोस, मला कळणार नाही.

तुझा,
मामा