घरातून गोळा केलेली वाक्यं

सोमवार, ३
पर्यायी शब्दांच्या कोशातला नवा गट संपादकबाईंनी आज माझ्या गळ्यात मारला. 'हरवल्यासारखं, तुटल्यासारखं वाटणे.' चाळीस शब्द, प्रत्येकाला लोकांच्या तोंडचं एकेक खरं वाक्य. डेडलाइन १५. शेजारच्या टेबलावरचा स्वल्पविराम (दर चार शब्दांनी थांबतो, म्हणून नाव मीच ठेवलंय) म्हणाला, गट जड आहे. मला काय जड! एकोणतीस वर्षं एकच खुर्ची, एकतीस वर्षं एकच बायको. असलं काही मला कधी वाटलेलंच नाही. त्यामुळे काम तटस्थपणे होईल.
संकल्प: रोज चार शब्द.

मंगळवार, ४
शब्द धडाधड सुचले. उपरा, परका, पोरका, सैरभैर, अधांतरी, भरकटलेला. वाक्यं मात्र अडली. 'तो सैरभैर झाला' हे मी स्वतः बनवून दिलं. बाईंनी परत केलं. म्हणाल्या, यात जीव नाही. घरून भांडून आल्या असाव्यात.

बुधवार, ५
आयडिया! कोरी कार्डं घरी आणली, फ्रिजवर ठेवली. हिला सांगितलं, मनात येईल ते लिहीत जा. बोलू नकोस, बोललेलं माझ्या लक्षात राहत नाही. हिने विचारलं, खरंच वाचाल? म्हटलं, वाचेन काय, नंबर घालून फाइल करेन!

गुरुवार, ६
घबाड! एका दिवसात तीन कार्डं.
'या घरात मला उपरं वाटतं.'
'दिवसभर सैरभैर होते. काय शोधतेय तेच कळत नाही.'
'तुम्ही समोर बसलात की जास्त एकटं वाटतं.'
तिन्ही अस्सल. कोपऱ्यात नोंद केली: स्त्री, वय ५४, गृहिणी. एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता, तो दिला. हिला म्हटलं, तुझ्यात लेखिका दडली आहे हं. माझ्याकडे नुसती बघत राहिली. कौतुकाची सवय नाही बिचारीला.

रविवार, ९
सतरा झाली. रोज चारचा संकल्प जरा बाजूला ठेवलाय, कारण काम आपोआप होतंय. आजचं कार्ड: 'पोरगी परगावी गेली तेव्हापासून मी अधांतरी आहे.' म्हटलं, थोडं पुस्तकी झालं बघ, आपण बोलतो तसं दे. ही आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज. कलावंत माणसं लहरीच.

बुधवार, १२
आज एकच कार्ड. 'शुक्रवारी दादाकडे जातेय. थांब म्हणालात तर थांबेन.'
वाक्य छान, सुटसुटीत. पण आपल्या गटातला एकही शब्द नाही! घरचं माणूस म्हणून सवलत दिली तर कामाची शिस्त काय राहिली? लाल पेनने 'बाद' लिहून फ्रिजवर परत ठेवलं. म्हणजे तिचं तिला कळेल.

शुक्रवार, १४. सकाळी ८
ही दारात, मोठी बॅग घेऊन. हिने विचारलं, काही म्हणायचंय का? मी शेवटच्या सहा कार्डांत बुडालेलो. म्हटलं, 'पोरका'चं वाक्य राहिलंय, जाता जाता देतेस का? म्हणाली, ते आता तुमचं तुम्हीच लिहा.
गेली. दोन दिवस भावाकडे राहील, तेवढाच हवापालट. घर शांत आहे. कामाला बरं.

शनिवार, १५
चाळीसच्या चाळीस दिली. सव्वीस हिची. बाईंनी ओळन् ओळ वाचली, चष्मा काढला, विचारलं, कोण हो या? अभिमानाने म्हटलं, आमच्या घरातल्या.
गठ्ठ्याच्या तळाशी 'बाद' कार्डही निघालं. हिनेच ठेवलं असणार. बाई म्हणाल्या, अहो, हे उदाहरण नाही, हे तुम्हाला लिहिलंय. सगळीच तुम्हाला लिहिलीत. स्वल्पविराम कुठेही न थांबता म्हणाला, आत्ताच्या आत्ता घरी फोन करा.
मी हसण्यावारी नेलं. मग बाथरूममध्ये जाऊन उगाच हात धूत बसलो.

रविवार, १६
फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. मेव्हण्याने उचलला. एरवी गप्पिष्ट माणूस, आज नुसतं 'देतो' म्हणाला.
ही आली. विचारलं, कशी आहेस? म्हणाली, इथे झोप लागते. इथे काही सांगितलं की लोक ऐकून घेतात. मी म्हटलं, चुकलं माझं. परत ये. म्हणाली, माझं एकही कार्ड वाचून तुम्ही मला विचारलं नाहीत, की काय झालंय. नंतर म्हणाली, गोळ्या घेत जा वेळेवर. ठेवला.
कागदावर अजून चार ओळी शिल्लक होत्या.

सोमवार, १७
गट मंजूर. बाईंनी एकही शब्द बदलला नाही. पेढे-बिढे नाहीत.
संध्याकाळी घरी आलो, सवयीने बेल वाजवली. थांबलो. आवाज गेला नसेल म्हणून पुन्हा वाजवली. किल्ली खिशातच होती, हाताला लागत होती. तरी आणखी एकदा वाजवली.