झोपाळ्याच्या फळीची विजेची गिटार

१ डिसेंबर १९४६
सुरतेहून परतलो. तिथल्या जुन्या बाजारात अमेरिकन सोल्जरांनी टाकून दिलेलं एक मासिक मिळालं. त्यात विजेच्या गिटारीचं चित्र. पोकळ पेटी नाही. भरीव लाकूड, वर तारा, तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याचं वेटोळं. वायर रेडिओला जोडली की आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. तत्त्व पाहताक्षणी समजलं. वाजवता येत नाही, पण तो किरकोळ भाग आहे.
संकल्प: यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुलांकडून ही गिटार बनवून घ्यायची. नंदुरबारात प्रथमच. बहुधा इलाख्यातही.

२ डिसेंबर
हेडमास्तरांची परवानगी मिळाली. "काही जळणार नाही ना?" एवढंच विचारलं. दूरदृष्टी नाही.
प्रमुख पाहुणे म्हणून मी सासऱ्यांचं नाव सुचवलं. धुडकूबापू म्हणजे ब्राह्मणपुरीचे मोठे बागाईतदार, केळी-उसात आयुष्य गेलेलं. लग्नात त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला आणि चारचौघांत म्हणाले, "पोरगा चांगला शे, पन हातले घट्टा नई." ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. या हातांनी काय होतं ते त्यांना पहिल्या खुर्चीतून दिसेल.

८ डिसेंबर
मेहबूब मिस्त्रींना गाठलं. पाळणे आणि पलंग बनवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही, असं ते स्वतःच सांगतात. चित्र पाहून म्हणाले, "मास्तर, बाजाले पोटच नई, आवाज कथाईन यी?" वीज म्हणजे काय ते त्यांना सविस्तर समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मोर कुठे कोरायचा? मोर नको म्हणालो. तर म्हणे, "मोर बिगर मन्हा हातमाईन काईच निंघत नई." ठाम नकार दिला. कारागिराला शिस्त लावावी लागते.

१५ डिसेंबर
अडचण. मिस्त्रींना जुना, मुरलेला साग हवा. नवा वाकतो म्हणे. लढाईपासून वखारीत धड लाकूड नाही.
सायंकाळी सौ. झोपाळ्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. फळी किती जाड, सरळ, तुकतुकीत आहे हे आज प्रथमच नीट पाहिलं. बापूंनी धडगावकडून आणलेला साग, लग्नात लेकीला दिलेला. तिचा निम्मा दिवस त्यावरच जातो. मी नजरेनेच लांबी मोजली. 

५ जानेवारी १९४७
सौ. संक्रांतीसाठी माहेरी गेली. जाताना म्हणाली, "झोकावर वह्या मांडू नका, फळीले शाई लागस." मी म्हणालो, फळीची काळजी माझ्यावर सोड.

६ जानेवारी
फळी मिस्त्रींकडे पोचवली. ही चोरी नव्हे. घरचीच वस्तू, शिवाय शिक्षणासाठी. संमेलन झालं की तिला नवी आणून देईन, पॉलिश केलेली. गिटार ऐकल्यावर तिला जुनी आठवणारही नाही.

९ जानेवारी
मुलांनी प्रयोगशाळेतल्या लोहचुंबकावर तांब्याची तार गुंडाळली. तार सारखी तुटत होती. मी मार्गदर्शन केलं. मिस्त्रींनी चित्रासारखा आकार आखून फळीला करवत लावली. तेव्हा मी जरा बाहेर जाऊन उभा राहिलो. आत भुसा फार उडत होता.

१२ जानेवारी
विजेचा प्रश्न निकालात. शाळेत वीज नाही, पण मागेच रतिलाल शेठची जिनिंग. कापसाचा हंगाम जोरात, इंजिनावर डायनामो, ऑफिसात दिवे. भिंतीवरून वायर आणि ऑफिसातला रेडिओ द्यायला शेठ तयार झाले. फक्त तारीख ऐकून कपाळाला आठ्या. "मास्तर, बावीसले तं आमास शे. ते दिन आम्ही..." पुढे बोलूच दिलं नाही. विजेच्या कामात अमावास्या आडवी येते! चांगलं सुनावलं. हेडमास्तरही एकवीस म्हणत होते, पण आता मी मुद्दाम बावीसच धरली. शेवटी शेठ हात जोडून म्हणाले, "तुम्हनी मर्जी." बुद्धिवादाचा विजय.

१४ जानेवारी
बापूंचा निरोप: येतो, आमच्या तापीलाही आणतो. उलट निरोप धाडला, की बावीसला दुपारी गाडी थेट शाळेत आणा. म्हणजे आधी गिटार, मग घर. क्रम महत्त्वाचा आहे.

१९ जानेवारी
गिटार तयार. मोर आहे. एक नव्हे, दोन. मिस्त्री म्हणाले, "एकला मोर चांगला दिखत नई."
जिनिंगच्या ऑफिसात नेऊन रेडिओला जोडली. तार छेडली मात्र, कापसाच्या ढिगावरची माणसं धावत आली. मिस्त्रींनी टेबलाखाली वाकून पाहिलं, कोणी बसलंय का. आज मी फार सुखी आहे.

२१ जानेवारी, सायंकाळ
बापू आणि सौ. आजच दारात. मी म्हटलं, उद्या यायचं ठरलं होतं. बापू म्हणाले, "सकाय आमास शे. आमासले आम्ही बैल जुपतस नई." इथे बैलसुद्धा अंधश्रद्ध.
बापू सवयीने झोपाळ्याकडे वळले. नुसत्या कड्या लोंबत होत्या. फळी पॉलिशला दिली आहे, असं मी सांगितलं. बापू जमिनीवर बसले. सौ. कड्यांकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. उद्या सगळं ठीक होईल.

२२ जानेवारी
थोडक्यात लिहितो.
शाळा भरलेली. बापू पहिल्या खुर्चीत, सौ. बायकांत. विजेच्या युगावर बोललो. टाळ्या. तार छेडली. काही नाही. पुन्हा छेडली. डास गुणगुणल्याइतका आवाज. मागून कोणीतरी "जोरात" म्हणालं. तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून जिनिंगचा भोंगाच ऐकलेला नाही.
अमावास्येला शेठ इंजिन बंद ठेवतात. मजुरांना सुट्टी. सगळ्या गावाला माहीत आहे. त्या दिवशी ते हेच सांगत होते म्हणे. मिस्त्री भर सभेत म्हणाले, "मी तं पहिलेच बोलनू व्हतू, पोट पाहिजे."
बापू उठून मंचावर आले. लाकडाला कान लावला. मग बोट फिरवत मागे एका भोकाशी थांबले. झोपाळ्याची कडी अडकवायचं भोक. मोरांच्या नादात मिस्त्रींचं बुजवायचं राहिलं होतं. बापूंनी गिटार नेऊन लेकीच्या मांडीवर ठेवली. ती भोकावरून हात फिरवत बसली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

२३ जानेवारी
उजाडताच बापूंनी बैल जुंपले. सौ.ही गाडीत बसली, मांडीवर गिटार. कधी येशील, विचारलं. म्हणाली, "झोकाले फळी बसी तवय येसू."
गाडी वळते न वळते तोच जिनिंगचा भोंगा झाला. धावत शाळेत गेलो. वायर तशीच होती. रेडिओ लागला, घूं घूं करू लागला. आवाज उत्तम. जोडायला काही नव्हतं.
मिस्त्रींकडे गेलो. तसा साग आता मिळायचा नाही, आंब्याची फळी देतो म्हणाले. मोर कोरून.
घरी आलो. चहा केला. कपबशी घेऊन सवयीने झोपाळ्यावर बसायला गेलो.
कंबर फार दुखते आहे. तापी असती तर शेकून दिली असती.