अर्धापूरच्या कदमांचं ग्रिल

७ फेब्रु., शनि.
सकाळी अर्धापूरचे कदम टेम्पो घेऊन दुकानासमोर. केळीवाले कदम, त्यांच्या घरच्या लग्नातल्या भट्ट्या मीच दुरुस्त केल्या होत्या. टेम्पोत चाकं लावलेलं, वर झाकण असलेलं लोखंडी धूड. म्हणाले, "वहिनी, गॅसवरचं बार्बेक्यू ग्रिल हाय. बंद पडलेल्या हॉटेलातून उचललं. मळ्यात दोन पावसाळे पडून व्हतं." हायवेला भाजलेल्या कोंबडीचा गाडा टाकणार आहेत. २२ ला नारळ फोडायचा. मी हाव म्हणून बसले. असलं काही आजवर उघडलेलं नाही. पण हे गेल्यापासून चार वर्षं शेगडी दुरुस्तीचं दुकान मीच चालवून राहिले, गिऱ्हाइकाला जमत न्हाई कसं म्हणू.

८, रवि.
झाकण उघडलं नि दोन पावलं मागं सरले. आत उंदराचं घर. चिंध्या, धान्याची टरफलं, लेंड्या. खालच्या ट्रेमध्ये चरबी बोटभर जाड, पार दगड झालेली. मनी दारातूनच ओकारी काढत आत पळाली. (मनीषा, माझी लेक. सातवा चालू आहे, बाळंतपणाला आलीय.) तिला अंगणात यायची बंदी.

१०, मंगळ.
ट्रे दोन दिवस कॉस्टिक सोड्यात. हातमोजे घालूनही मनगट भाजलं. बर्नरची भोकं गोधडीच्या सुईनं एक एक मोकळी केली. तरी एक पेटेना. दोन तास जेटला शिव्या घातल्या, शेवटी नळी उलटी करून आपटली तर कुंभारमाशीचं घर पडलं मातीचं. एवढीशी माती, डोकं फिरवलं माझं.
वरच्या जाळीचे दोन गज तुटलेत. वेल्डिंग आपल्याकडं नाही. एसटीच्या पार्सलनं लातूरला दत्तूकडं पाठवली. धाकटा भाऊ, वेल्डिंगचं दुकान, हात साफ आहे त्याचा. फोनवर सांगितलं, ग्रिल पाठवलंय, गज जोड आणि एकदम नव्यासारखं कर. "करतो ताई" म्हणाला. दुसरं काही विचारलं नाही.

१४, शनि.
जाळी आली. काळीभोर, गुळगुळीत. सांधा कुठं आहे ते शोधूनही सापडेना. शाब्बास पठ्ठ्या.

१५, रवि.
साबणाचं पाणी लावून बघितलं, गॅस कुठंच गळत नाही. चारही बर्नर निळे. उभं राहून बघतच बसले, हे असते तर…
कदमांना द्यायच्या आधी चालवून बघायचंच होतं. मनीला आठ दिवस भाजलेली कोंबडी खावीशी वाटत होती. मसाला मीच लावला. मी स्वतः खात नाही, चार वर्षं झाली सोडून.
मनी म्हणाली, "आई, रंगावानी वास येऊन राहिला."
माझं नाक गॅस-रॉकेलनं कधीच गेलंय. म्हटलं, नव्या वस्तूला येतो, तुला आजकाल सगळ्यातच वास येतो, खा गप. तीन तुकडे खाल्ले. वर काळं लागलेलं होतं. मला वाटलं करपलं.

१६, सोम.
कदम घेऊन गेले. लई खूश. झाकण दहादा उघडलं, लावलं.

१७, मंगळ.
दुपारी दत्तूचा फोन. "ताई, ग्रिल बसलं का नीट? कोणत्या खिडकीचं व्हतं?"
म्हटलं, कसली खिडकी.
"मापावरून मला बाथरूमची वाटली. रेड ऑक्साइड मारलंय, वरून काळ्या ऑइल पेंटचे दोन हात. दहा वर्षं गंजायचं न्हाई बघ."
फोन तसाच खाली ठेवला. तो हॅलो हॅलो करून राहिला.
त्याच्या दुकानात ग्रिल म्हणजे खिडकीचंच. आपल्या सगळ्यांच्याच घरात. मी जन्मभर जाळीला जाळी म्हणत आले, त्या दिवशी कदमांचा शब्द उचलून पुढं ढकलला. स्वयंपाकाची आहे, एवढं सांगायला काय धाड भरली होती मला.
पोरीला रंग चारला मी. सातव्या महिन्यात. ती सांगत होती तरी चारला.

१७, संध्या.
कदमांना लगेच सांगितलं. नशीब, अजून पेटवलं नव्हतं त्यांनी. म्हणाले, "वहिनी, २२ चं काय मग?" नवी जाळी करून देते म्हटलं. बोलणी खाल्ली, संपलं. पण मनी आत झोपलीय नि मला उंबरा ओलांडवेना.

१८, बुध.
दत्तूला रंगाच्या डब्यावरचं वाचायला लावलं. लहान मुलांपासून दूर ठेवा, पोटात गेल्यास डॉक्टरकडे जा. पुढचं वाचताना रडायला लागला. मी म्हटलं, तुझी चूक न्हाई, फोन ठेव.
आज तिला दोनदा विचारलं, पोटात बरंय ना. "तू अशी का बघून राहिलीस?" म्हणाली. उद्या सांगते. उद्या नक्की.

१९, गुरु.
सांगितलं. पायापाशी बसून. ओरडेल, रडेल, नवऱ्याला फोन लावेल, सगळं धरून चालले होते.
म्हणाली, "मला ठाव व्हतं आई. दाताला चिकटत व्हतं, जिभेवर कडू. रंगच हाय म्हटलं."
मग खाल्लंस कशाला?
"तू इतक्या हौसेनं केलंतं. आठ दिवस त्या धुडाशी झटून राहिली व्हतीस."
दत्तूच्या फोननंही एवढं लागलं नव्हतं मला.

२०, शुक्र.
डॉक्टरीणबाई रागावल्या, बरोबरच आहे. बाळाचे ठोके ठीक. एका वेळेनं बहुतेक काही होत नाही म्हणाल्या, पण रंगात शिसं असलं तर बघावं लागेल. रक्त घेतलं. रिपोर्ट सोमवारी.

२१, शनि.
कदमांची नवी जाळी स्टीलची, नांदेडातच, समोर उभं राहून करून घेतली. रंगाचा थेंब नाही.
मनीनं दुपारी वरण-भात मागितला. वाढला. तिचा घास झाल्यावर विचारलं, मीठ बरोबर पडलंय ना. "हाव, छान झालंय" म्हणाली, खाली बघून जेवत राहिली. ती उठल्यावर तिच्याच ताटातलं बोटानं चाटून बघितलं. मीठ घातलंच नव्हतं.