क्रेन हलत नव्हती

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, म्हणजे आतापर्यंत तू मनातल्या मनात मला दवाखान्यात भरती करून मोकळी झाली असशील. या वेळी ते खरंच घडलं, पण घाबरू नकोस. मी घरीच आहे आणि खिडकीशी बसून हे लिहितो आहे. फोन केला असता, पण फोन वाजला की तुझ्या छातीत धस्स होतं आणि भावोजींना आधी तुझ्यासाठी पाणी आणावं लागतं. तेव्हा आपलं पत्रच बरं.

झालं असं की, गेल्या मंगळवारी नेहमीसारखा क्रेनवर चढलो. वारा नव्हता, ऊन स्वच्छ होतं. खालून सळयांचा भारा उचलला, मैदानाच्या मधोमध आणला आणि एकाएकी काय झालं कळेना. छाती इतकी धडधडायला लागली की कुणी आतून दार ठोकतंय असं वाटावं. बोटं बधिर झाली, श्वास घशातच अडकला, दरदरून घाम फुटला. केबिनच्या काचा अंगावर आल्या. मला पक्कं वाटलं की हे हृदयाचंच, आणि आपण आता इथेच मरणार, भारा तसाच लोंबकळत ठेवून. खाली माणसं काम करत होती गं. मी वॉकीटॉकीवर फोरमनला एवढंच म्हणालो, की सगळ्यांना बाजूला घ्या. तो बिचारा का म्हणून विचारत बसला नाही. त्याने माणसं हटवली आणि मग मला हळू आवाजात सांगत राहिला, आता जरा डावीकडे, आता खाली, आता थांब. जणू मी काल कामाला लागलोय. भारा टेकला. मी शिडीवरून कसा उतरलो ते मला आठवत नाही.

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, छातीचा फोटो घेतला. सगळं ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, असं हृदय मला मिळालं तर मी आनंदाने घेईन. मी निम्मा खूश झालो, निम्मा खजील. हृदय चांगलं, तर मग ते काय होतं? मला आता वाटतं, क्रेनच हलत होती. इंजिनीअरला ती तपासायला सांगितली आहे.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
टिल्लू

•

दि. १५ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानाच्या दारातच उभ्याने वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. कपडे शिवायला टाकायला आलेली बाई मलाच विचारायला लागली की काही वाईट बातमी आहे का. तुझे भावोजी म्हणतात, सगळं ठणठणीत असं स्पष्ट लिहिलंय, ते का दिसत नाही तुला. ते दिसतं रे, पण डोक्यात राहत नाही. राहतं ते नेमकं लोंबकळणारा भारा!

तू दुसऱ्या डॉक्टरकडे जा. मशीन चुकत असेल, रक्ताच्या बाटल्या बदलल्या असतील. थायरॉइड बघितलं का? पित्त असू शकतं. केबिनमध्ये कसला वायू तर साठत नाही ना? तुझं पत्र आल्यापासून माझं कामात लक्ष नाही. एका कोटाची बाही लावली, मग वाटलं उलटी लागली, उसवली, तर सुलटीच होती. पुन्हा लावली, पुन्हा शंका. मान तर अशी धरली आहे की मागून कुणी हाक मारली तर मला अख्खीच वळावं लागतं. मशीनवर वाकून बसण्याचे भोग. पोटही ठीक नाही, पण ते कधी ठीक होतं?

त्यात परवा होस्टेलवरून येणाऱ्या तुझ्या भाचीची बस उशिरा आली. मी बसच्या कार्यालयात जाऊन रस्त्यात काही अपघात झालाय का ते विचारून आले, तोवर ती घरी येऊन झोपलीसुद्धा. दोघं मला हसतात. हसा. घरात कुणीतरी काळजी करणारं लागतंच.

घरातला सगळ्यात बुटका म्हणून तुला टिल्लू म्हणायचो, आणि तू जाऊन बसलास गावातल्या सगळ्यांत उंच खुर्चीवर. उतर आता खाली. जमिनीवरचं काम बघ.

वहिनीला आशीर्वाद. उलट टपाली चार ओळी टाक, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

तुझी,
ताई

•

दि. ३ मार्च

ती. वन्संना,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. तुमचे भाऊ तुम्हाला सगळं कळवत असतील असं वाटत नाही.

क्रेन हलत नव्हती. इंजिनीअरने तपासली, यांचं समाधान होईना म्हणून पुन्हा तपासली. त्या दिवशी यांच्या जागी दुसरा चालक बसला, त्यालाही काही जाणवलं नाही. मग यांनी स्वतःहून फोरमनकडे खालचं काम मागून घेतलं. मला वाटलं, आता बरं वाटेल. पण झालं उलटंच. आता लिफ्टमध्ये जात नाहीत, जिन्याने घरी येतात आणि धाप लागली की पुन्हा नाडी धरून बसतात. मी काही सांगत असते आणि यांची बोटं मनगटावर. कुठेही गेलो तरी दाराजवळची जागा हवी. मागच्या आठवड्यात केस कापायला गेले. न्हाव्याने गळ्याभोवती कापड बांधलं, आणि हे अर्ध्यातच उठून घरी आले. एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच. मला हसू आवरेना. मग पाहिलं तर यांच्या डोळ्यांत पाणी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे मला प्रत्येक दुखण्यात आधी नंबरच दिसतो. यांना नवा चष्मा करून घातला. आता सगळं स्वच्छ दिसतं आणि भीती तशीच.

तिसऱ्या डॉक्टर एक बाई होत्या. त्यांनी छातीला हातच लावला नाही. त्यांनी विचारलं की त्या दिवसापासून तुम्ही काय काय करायचं सोडलंत. हे नाडी बघायला लागले. मग त्यांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं, तेव्हा हे ताडकन उठले. रस्त्यात मला म्हणाले की ही बाई मला वेडा समजते. वन्सं, हे वेडे नाहीत हे मला कळतं, पण हे आजारी आहेत की नाहीत तेच कळत नाही. तुमचं ऐकतील. जमलं तर या.

लोभ आहेच, तो असाच वाढू द्यावा.

तुमची,
वहिनी

•

दि. १० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. तू आलीस, मला दरडावून त्या डॉक्टरांकडे नेलंस आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिलीस, म्हणून मी आत गेलो. एरवी गेलो नसतो.

त्यांनी सांगितलं ते तुला नीट लिहायचं राहिलं होतं. याला पॅनिक अटॅक म्हणतात, आणि त्याच्या भीतीने मी एकेक गोष्ट टाळत गेलो तोच माझा आजार. क्रेनवर वजन जास्त झालं की भोंगा वाजतो ना, तसा माझा भोंगा हुकाला काही नसताना वाजला. धडधड खरी, घाम खरा, बधिर बोटं खरी. मी नाटक करत नव्हतो आणि मरतही नव्हतो. हे ऐकून मला रडूच आलं. पण मग हा वाजला का, आणि त्याच दिवशी का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. ते कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आता पुढचं ऐक. त्यांनी विचारलं होतं की घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का. मी बेधडक नाही म्हणालो. घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणाली, आणि वन्सं?

मी हसलो. ही हसली नाही. म्हणाली, वन्सं इथे होत्या तेव्हा तुम्ही बघितलं नाही का? मी कोपऱ्यावरून पाव आणायला गेलो तर तू बाल्कनीत उभी राहायचीस. झोपेत दात खायचीस. माझ्या गोळ्यांवरून सुरू झालीस की भाचीची परीक्षा, मग भावोजींची गाडी, मग छपराची गळती, एक काळजी संपायच्या आत दुसरी तयार. आणि मान तशीच धरलेली, मशीन तर इथे नव्हतं. ताई, मला हे सगळं जन्मापासून माहीत आहे, म्हणूनच मला दिसलं नाही. मला वाटायचं, ताई म्हणजे हेच.

माझं चुकत असेल. पण एकदा कुणाला तरी दाखव.

तुझा,
टिल्लू

•

दि. १९ एप्रिल

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला घाम फुटत नाही, माझा श्वास अडकत नाही, मी काम अर्धवट टाकून पळत नाही. तुझ्या आजाराशी माझं काहीच जुळत नाही, मग मला तोच आजार कसा? घरच्यांची काळजी वाटणं याला आता औषध निघालं का? आई गेल्यावर तुझा ताप उतरेपर्यंत उशाशी कोण बसायचं, ते वहिनीला विचार. तिला माहीत नसेल.

तू गोळ्या वेळेवर घे. जिना चढताना कठडा सोडू नकोस.

ताई

•

दि. ७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू रागावलीस ते बरोबरच आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं म्हणून डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, या आजाराची तोंडं वेगवेगळी. माझ्याकडे तो एकदम अंगावर धावून येतो. कुणाकडे वर्षानुवर्षं घरातल्या माणसासारखा राहतो, मान धरतो, पोट बिघडवतो, झोप खातो, कामात चुका नसताना दाखवतो, आणि माणूस म्हणतो माझा स्वभावच तसा. तुला न बघता तुझ्याबद्दल ते एक शब्दही बोलणार नाहीत, हेही त्यांनी बजावलं.

माझी बातमी अशी की डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पुन्हा क्रेनवर चढलो. फोरमन माझ्या मागोमाग शिडीवर होता. शिडीच्या मध्यावरच्या विसाव्याच्या फळीवर पोचलो आणि माझा भोंगा वाजला. पळायचं नाही असं ठरवून तिथेच बसून राहिलो. फोरमन त्याच्या सासूच्या तक्रारी सांगत बसला. आणि ताई, ती धडधड आपोआप उतरली. मी काहीच केलं नाही. त्यानंतरच्या खेपेला मात्र पाचव्या पायरीवरूनच परत फिरलो. एके दिवशी केबिनमध्ये पोचतो, एके दिवशी लिफ्टचंसुद्धा नको वाटतं. बरा होतोय म्हणावं की नाही, मलाच कळत नाही.

तू माझ्या उशाशी बसायचीस हे मी विसरलेलो नाही. तेव्हा तू केवढी होतीस गं? तुझ्या उशाशी कोण होतं?

राग गेला की लिही. नाही गेला तरी लिही.

तुझा,
टिल्लू

•

दि. २ ऑगस्ट

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

लिहायला वेळ लागला. राग केव्हाच गेला होता, शब्द मिळत नव्हते.

गेल्या महिन्यात तुझी भाची घरी आली तर तिच्या हातावर टाक्यांची खूण. विचारलं, तर म्हणाली की फेब्रुवारीच्या शेवटी होस्टेलच्या जिन्यावरून पडले होते, हाताचं ऑपरेशन झालं. तुझे भावोजी जाऊन तिच्याजवळ राहून आले होते. मला सांगितलं होतं की कामासाठी बाहेरगावी चाललोय. मी भांडले, खूप भांडले. मग तुझे भावोजी शांतपणे म्हणाले की तुला सांगितलं असतं तर आधी तुला सांभाळावं लागलं असतं, आणि त्या वेळी पोरीला सांभाळायचं होतं. ते हे चिडून म्हणाले नाहीत रे. सवयीने म्हणाले. म्हणजे हे दोघं कधीपासून माझ्यापासून गोष्टी लपवतात कोण जाणे. मी ज्यांच्या काळजीने झिजले, त्यांनी मला बाहेरच ठेवलं होतं.

मग मीच त्यांना म्हणाले, चला डॉक्टरांकडे. तिथे डॉक्टरबाईंनी विचारलं की काळजी नव्हती असा शेवटचा दिवस कोणता. मी आठवत राहिले. तुझे भावोजी माझ्याकडे बघत होते, मी भिंतीकडे. शेवटी मी विचारलं, असा दिवस असतो का कुणाचा? त्या म्हणाल्या, हो, पुष्कळांचे असतात. टिल्लू, मला हे खरंच माहीत नव्हतं. मला वाटत होतं सगळ्यांचं आत असंच चालू असतं, फक्त बाकीचे चांगलं लपवतात.

आता आठवड्यातून एकदा जाते. गोळीही आहे. परवा सकाळी कापड कापत होते आणि मधेच लक्षात आलं की बराच वेळ मी कशाचाच विचार केलेला नाही. कात्रीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मी इतकी दचकले की कात्री खाली ठेवली. माझं काहीतरी हरवलंय असं वाटून मी तुम्हा सगळ्यांना एकेक करून मनात मोजलं. तुम्ही सगळे होतात. तरी मला कळेना, मी तुमची काळजी केली नाही तेवढा वेळ माझी माया कुठे होती? डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही. तू माझ्या पुढे आहेस या रस्त्यावर, म्हणून तुला विचारते. असा वेळ आला की माणसं त्याचं करतात तरी काय?

वहिनीला सांग, तिने माझं वागणं हसण्यावारी नेलं नाही ते बरं केलं.

तुला जमेल तेव्हा उत्तर दे. मी वाट बघेन, आणि काळजी न करता तेवढंच करून बघेन.

तुझी,
ताई